रेंज फुल असून नेट का चालत नाही

सासवडच्या आत्याचा आषाढीच्या आधी फोन आला की विषय काय असणार ते मला उचलायच्या आधीच माहीत असतं. पालखी सासवडात दोन मुक्काम असते, आत्याच्या ओसरीवर वीसेक वारकरी, अंगणात चूल, आणि आत्या वैतागलेली, कारण अमेरिकेतल्या लेकीला व्हिडिओ कॉलवर माउलींचा तळ दाखवायचाय आणि कॉल काही लागत नाही. "अरे तू टॉवरचंच काम करतोस ना, मग आमच्याकडं बघ की जरा. रेंज फुल आहे रे, सगळ्या दांड्या दिसतात, आणि नुसतं गोल गोल फिरतंय."

तर आधी सांगतो, टॉवरवर मी चढत नाही, चढतो तो रिगर. मी आरएफ ऑप्टिमायझेशनवाला, टॉवरच्या रेडिओ सिग्नलची सेटिंग्ज जुळवणारा, म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, चार फोन केबलने जोडलेले, टपावर जीपीएसचं चुंबकवालं डबडं आणि ड्रायव्हरदादांना "जरा हळू घ्या ना" म्हणत गावभर हिंडायचं, रात्री ते लॉग उघडून बसायचं. लग्नाच्या स्थळांना हे समजावता समजावता माझी दोन वर्षं गेली. पण आत्याचा प्रश्न मात्र एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर "लोड आहे गं" एवढंच देऊन मी दरवर्षी सुटतो, तेव्हा यंदा नीट लिहूनच टाकतो.

दांडी म्हणजे काय मोजतात? टॉवर सतत एक ठरलेली खूण हवेत सोडत असतो, ती तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचते तो आकडा, आमच्या भाषेत आरएसआरपी. उणे ८० डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) असेल तर झकास, उणे ११५ असेल तर मरतुकडं. त्याच्या किती दांड्या करायच्या हे फोन बनवणारी कंपनी आपापल्या मनाने ठरवते, त्यामुळे "माझ्या फोनला चार आणि ह्यांच्याला दोन" ह्या भांडणात मी पडत नाही. मुद्दा असा की पंगतीला चला हो असा पुकारा कितीही खणखणीत ऐकू आला तरी पान मांडायला जागा आहे का हे त्या पुकाऱ्यावरून कळत नाही. दांडी म्हणजे पुकारा. जागा वेगळी मोजावी लागते आणि ती फोनच्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

जागा म्हणजे रिसोर्स ब्लॉक. फोरजीच्या २० मेगाहर्ट्झच्या कॅरियरवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यावर, असे १०० ब्लॉक असतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचा, आणि दर १ मिलिसेकंदाला टॉवरमधला शेड्यूलर ठरवतो की आत्ता कोणाच्या पानात काय. वाढपीच तो. आणि ह्या वाढप्याची गंमत अशी आहे की सगळ्यांना वाढायला सारखा वेळ लागत नाही. टॉवरजवळच्या फोनशी तो भराभरा बोलतो, एका दमात ८ बिट, आणि लांब कुठेतरी दगडी भिंतीआड असलेल्या फोनशी सावकाश, शब्द शब्द तोडून, २ बिट, वर चुका दुरुस्त करायला जास्तीचा मसाला. म्हणजे तोच फोटो पोचवायला भिंतीआडच्या माणसासाठी कितीतरी जास्त ब्लॉक खर्च होतात, आणि ते ब्लॉक जातात कोणाचे तर तुमच्या-आमच्या पानातले. एक माणूस चुकीच्या सेलवर (सेल म्हणजे टॉवरचा एका दिशेचा, एका फ्रिक्वेन्सीचा भाग) बसला की त्याचं एकट्याचं नाही, सगळ्या पंगतीचं नुकसान होतं, आणि माझी नोकरी टिकून आहे ती ह्याच एका कारणामुळे.

कारण आता एका टॉवरवर एकच नेटवर्क कुठे असतं. ९०० मेगाहर्ट्झवर टूजी आणि त्याच्याच कुशीत थोडं फोरजी, १८०० वर फोरजी, २३०० वर फोरजी पण वेगळ्या जातीचं, ३३०० वर फाइव्हजी, आणि शिवाय घराघरात वायफाय. ह्यातलं कुठलं कोणासाठी हे ठरवणं म्हणजे सगळा खेळ. फ्रिक्वेन्सी वाढली की सिग्नल लवकर दमतो, दुप्पट फ्रिक्वेन्सीला ६ डीबीचा फटका (म्हणजे जोर चौथाईवर) हे नुसत्या मोकळ्या हवेतलं गणित, ७०० ते ३५०० जायचं तर १४ डीबी, भिंती झाडं वेगळी. म्हणून खालचे बँड लांब जातात पण तिथे जागा कमी, वरच्या बँडला जागा मुबलक पण पोच कमी. आदर्श व्यवस्था कोणीही सांगेल, जवळच्यांना वर ढकला आणि खालचा बँड लांबच्यांसाठी मोकळा ठेवा. सांगायला काय जातंय.

फोन खिशात गप्प असतो तेव्हा तो स्वतःच निवडतो, टॉवर फक्त प्रत्येक बँडला ० ते ७ मधला प्राधान्याचा आकडा जाहीर करतो, ७ सगळ्यात वर. सगळ्यांना एकच यादी ऐकू येते त्यामुळे सगळे शिस्तीत एकाच लेयरवर, म्हणजे एकाच बँडच्या थरावर, जाऊन बसतात, शेजारचा लेयर मोकळा असला तरी. मग डेटा चालू झाला की सूत्रं नेटवर्कच्या हातात येतात. नेटवर्क फोनला सांगतं, आत्ताचा सेल इतक्याच्या खाली गेला की कळव, शेजारचा इतक्याच्या वर आला की कळव. ह्या कळवण्यांना नावं आहेत, ए१, ए२, ए३ अशी, टूजी वगैरे दुसऱ्या जातीचा शेजारी असेल तर बी१, बी२. आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचं ऐकायचं तर फोनला दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांत ६ मिलिसेकंद चालू काम थांबवून कान तिकडे लावावा लागतो. म्हणजे बघायलाही किंमत पडते, फुकट काही नाही.

इथे माझा एक पराक्रम सांगतो, बरीच वर्षं झाली आता, सांगायला हरकत नाही. एका तालुक्याच्या गावात संध्याकाळी २३०० चा लेयर तुंबायचा आणि १८०० बऱ्यापैकी मोकळा. मी हुशारी केली, २३०० वर उणे ९५ च्या खाली कोणी गेला की त्याला १८०० वर पाठवायचं असं लावलं, आणि दुपारी कामाची सही मारून गावी निघून गेलो. मी काय बघितलं नाही तर १८०० वर आधीपासून ए४ लावलेला होता, की २३०० उणे १०० पेक्षा बरा दिसला की माणूस परत तिकडे पाठवा. आता करा हिशोब. ज्याला २३०० उणे ९७ ने मिळतोय तो एका नियमाने खाली आणि दुसऱ्या नियमाने वर. त्या ५ डीबीच्या पट्ट्यात जितकी घरं होती तितके फोन रात्रभर एसटी स्टँडवरच्या कंडक्टरसारखे वर-खाली, वर-खाली. प्रत्येक उडीला डेटा क्षणभर थांबतो, सिग्नलिंग, म्हणजे फोन-टॉवरमधली निरोपानिरोपी, वाढतं, आणि कधीतरी उडी चुकते मग कॉल कट. सकाळी सरांचा फोन. सर ओरडले नाहीत, फक्त विचारलं, "अरे दोन्ही बाजूंनी वाचलं होतंस का?" अजून ऐकू येतं ते.

तेव्हापासून मला पटलंय की सगळ्यात चांगलं नेटवर्क निवडणं हे काही फार अवघड नाही, अवघड आहे ते उगाच न हलणं. म्हणून दोन आकडे असतात, एक हिस्टेरिसिस, म्हणजे शेजारचा नुसता चांगला असून भागत नाही तर २-३ डीबीने तरी चांगला पाहिजे, आणि दुसरा टाइम टू ट्रिगर, म्हणजे तो चांगलेपणा इतके मिलिसेकंद टिकला तरच हला. ६४० मिलिसेकंद ठेवले तर गावातल्या बाजारात ठीक, पण एक्स्प्रेसवेवर ताशी १०० ने जाणारी गाडी तेवढ्यात १८ मीटर पुढे गेलेली असते, आणि बोगद्याच्या तोंडाशी १८ मीटर म्हणजे आत आणि बाहेर एवढा फरक. एकच आकडा दोघांना चालत नाही. मग घाटातल्या सेलना वेगळा, गावातल्या सेलना वेगळा असं करत करत एक्सेल शीट इतकी लांब होते की ती लिहिणारा कंपनी सोडून गेला की पुढचा माणूस देवाचं नाव घेऊन जुनेच आकडे ठेवतो. हे मी स्वतः केलंय.

आता वारी. साधं शहर कसं, माणसं दिवसा ऑफिसात रात्री घरी, लोडचा आलेख रोज तोच. वारीत अख्खं शहरच चालत असतं. पुण्यात मुक्काम, नाना पेठ भवानी पेठ तुडुंब, मग दिवे घाट चढून सासवड, ३० किलोमीटरच्या आसपासचा टप्पा, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण. जिथे काल शेतात चिटपाखरू नव्हतं तिथे आज लाखांनी फोन आणि उद्या परत शेत. कायमचा टॉवर ह्यासाठी कोण बांधणार, म्हणून ट्रकवरचे सेल ऑन व्हील्स, आम्ही त्यांना 'काऊ' म्हणतो, ते तळाजवळ नेऊन उभे करतात. काऊ उभी करणं सोपं आहे (चिखल नसेल तर), पण शेजारच्या सगळ्या सेलच्या याद्यांमध्ये तिचं नाव घालावं लागतं, नाहीतर ती मोकळी उभी आणि फोन मात्र जुन्याच टॉवरला लोंबकळलेले. आणि मागची नळी, टॉवरला पुढच्या नेटवर्कशी जोडणारा तो मायक्रोवेव्हचा लिंक, तोच बारीक असला तर रेडिओ मोकळा असूनही उपयोग शून्य, आणि आम्ही आरएफवाले दोन तास उगाच थ्रेशोल्डशी, त्या खाली-वरच्या आकड्यांशी, खेळत बसतो.

वारीत अजून एक, तिथे टूजी जिवंत आहे. कितीतरी म्हाताऱ्या वारकऱ्यांकडे बटणांचा फोन, दिवसातून एकदा घरी "पोचलो, बरा आहे" एवढं सांगायला. टूजीच्या २०० किलोहर्ट्झच्या एका कॅरियरवर ८ टाइमस्लॉट, म्हणजे बोलायच्या पाळ्या, त्यातलेही एक-दोन कंट्रोलला जातात, हाफ रेट केलं तर दुपटीने कॉल बसतात पण आवाज पिचका. शिवाय व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल) चालू नसलेले फोरजी फोन कॉल आला की टूजीवर उतरतात ते वेगळेच. (जिओचा प्रश्न नाही, २०१६ ला आले तेच नुसतं फोरजी घेऊन, खाली उतरायला जागाच ठेवली नाही.) तर ९०० मधले ५ मेगाहर्ट्झ फोरजीला दिले तर २५ ब्लॉक मिळतात, पण तेवढ्याच जागेत टूजीचे २५ कॅरियर बसले असते. कुणाला द्यायचं? मीटिंगमध्ये डेटाचा आलेख मोठा दिसतो कारण डेटाचे आकडे मोठे असतात, बटणवाल्या आजोबांचा ४० सेकंदांचा कॉल त्या आलेखात दिसतच नाही. माझं मत विचाराल तर मुक्कामाच्या गावात निदान तेवढे दिवस टूजीला हात लावू नये, रील उद्या अपलोड झाली तरी चालते.

आणि आता आत्याच्या कॉलचं खरं दुखणं. दांडी मोजते टॉवरकडून फोनकडे येणारा आवाज. टॉवर दहा-दहा वॅटच्या पटीत ओरडतो, तुमचा फोन फोरजीवर साधारण २०० मिलिवॅटमध्ये कुजबुजतो. पुकारा ऐकू येतो म्हणून तुमचं बोलणं तिकडे ऐकू जातंच असं नाही, त्यात आजूबाजूला हजारो फोन एकाच वेळी कुजबुजत असतील तर टॉवरच्या कानात नुसता कल्ला. इतर दिवशी गावातला माणूस व्हिडिओ बघतो, म्हणजे डाउनलोड. पालखी आली की सगळे व्हिडिओ पाठवतात, म्हणजे अपलोड. आणि तो २३०० चा लेयर जो वेगळ्या जातीचा म्हणालो तो टीडीडी, एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने येणं आणि जाणं, आणि नेहमीच्या मांडणीत १० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये अपलोडच्या वाट्याला येतात फक्त २. मांडणी केली तेव्हा लोक बघणारच आहेत, पाठवणार कोण असा हिशोब होता आणि वर्षातले ३६० दिवस तो बरोबरही असतो. १८०० चं तसं नाही, तिथे जायला वेगळी वाट यायला वेगळी. म्हणजे आत्याला १८०० वर बसवायला पाहिजे, तिथे दांडी थोडी कमी दिसली तरी. पण आमची लोड बॅलन्सिंगची, म्हणजे गर्दी वाटून द्यायची, जी फीचर्स असतात ती बहुतेक वेळा डाउनलिंकचा (डाउनलोडच्या बाजूचा) लोड बघायला लावलेली असतात. डाउनलिंक मोकळं दिसतं, फीचर म्हणतं सगळं छान आहे, आणि आत्याचं गोल गोल फिरतंय. मला हे लक्षात यायला दोन वाऱ्या लागल्या.

वायफायचा तर वेगळाच तमाशा आहे. मोबाइल नेटवर्कमध्ये डेटा चालू असताना उडी मारायचा निर्णय नेटवर्क घेतं. वायफायमध्ये निर्णय फोन घेतो, राऊटर फार तर विनंती करतो. आणि दोन्ही एका फोनमध्ये आले की घरात दोन कर्ते, मग कामाचं काय होतं ते सांगायला नको. आत्याच्या घरी राऊटर आतल्या खोलीत टीव्हीमागे, मधे दगडी भिंत, अंगणात वायफायची जेमतेम एक दांडी, पण फोन त्याला घट्ट धरून, कारण त्याच्या लेखी वायफाय म्हणजे फुकट म्हणजे चांगलं. वायफायचा नियमही असा की बोलायच्या आधी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे आळीतले सगळे राऊटर थांबा थांबा करत बसलेले.

असं नाही की कोणी प्रयत्न केले नाहीत. टूजी-थ्रीजीच्या काळातच सगळ्या नेटवर्कांचे रेडिओ रिसोर्स एकत्र सांभाळायचे म्हणून कॉमन रेडिओ रिसोर्स मॅनेजमेंटची चर्चा होती, एक वेगळा सर्व्हर सगळ्यांच्या वर बसेल आणि वाटप करेल अशी कल्पना. सेलनी आपापला लोड एकमेकांना कळवावा इथपर्यंत गाडी आली, आणि तिथेही दोन वेगळ्या कंपन्यांची उपकरणं शेजारी असली की एकाचे ७० टक्के म्हणजे दुसऱ्याचे ७० टक्के नसतात. फोनला कुठलं वायफाय कधी धरायचं ह्याची धोरणं पाठवायला एएनडीएसएफ आलं, मोबाइलच्या जागतिक मानकांच्या रिलीज ८ मध्ये, कागदावर सुंदर, प्रत्यक्षात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना माहीत. रिलीज १३ मध्ये फोरजी आणि वायफाय टॉवरच्याच पातळीवर एकत्र बांधायचं एलडब्ल्यूए आलं, तेही तसंच राहिलं. चाललं काय तर व्होवायफाय, म्हणजे वायफायवरून कॉल, आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ ला आणि जिओने जानेवारी २०२० ला चालू केलं तेच, आणि ते का चाललं तर त्यात राऊटरला काही कळायची गरजच नाही, फोन वायफायमधून थेट ऑपरेटरपर्यंत एक बंद बोगदा खणतो आणि कॉल त्यातून नेतो. ॲपलनेही २०१३ ला असंच केलं, सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी वापरलं, वायफाय सुटलं तरी मोबाइल डेटावरून तेच बोलणं पुढे चालू. आता फाइव्हजीच्या रिलीज १६ मध्ये एटीएसएसएस आहे, एकच ट्रॅफिक दोन्ही वाटांनी वाटून पाठवायचं. चांगलं आहे, पण माझा आपला अनुभव असा की जे चालायला तीन जणांनी एकमेकांशी बोलावं लागतं ते चालत नाही.

फाइव्हजीबद्दल एवढंच, कारण ते विचारणारच कोणीतरी. १ ऑक्टोबर २०२२ ला आलं तेव्हा जिओने स्वतंत्र फाइव्हजी घेतलं आणि एअरटेलने सुरुवात फोरजीच्या आधारावरच्या फाइव्हजीने केली. ह्या दुसऱ्या प्रकारात फोरजीचा टॉवर एक छोटा बिट जाहीर करतो की माझ्यासोबत फाइव्हजी आहे हो, आणि बरेच फोन तेवढ्यावरच वर 5जी चं चिन्ह लावतात, मग प्रत्यक्षात फाइव्हजीचा एकही ब्लॉक तुमच्या वाट्याला आलेला नसला तरी. ३३०० वर १०० मेगाहर्ट्झ म्हणजे २७३ ब्लॉक, जागा प्रचंड, पण तुमची कुजबूज तिथपर्यंत पोचत नसेल तर अपलोड पुन्हा फोरजीच्याच डोक्यावर. म्हणजे दांड्या तर दांड्या, आता चिन्हावरही विश्वास नाही.

तर आत्याला ह्यातलं मी काय सांगितलं? काही नाही. म्हटलं, आत्या, वायफाय बंद कर. केलं. तरी लागेना. मग म्हटलं असं कर, रात्री दोनला लाव, तेव्हा सगळा तळ झोपलेला असतो आणि तिकडे तुझ्या लेकीची दुपार असते. आत्या खरंच उठली, गच्चीवर गेली, आणि कॉल पहिल्या झटक्यात लागला, एकदाही न अडकता. दुसऱ्या दिवशी मला फोन, "लागला रे लागला, तंबू दिसला, दिवे दिसले. पण ती म्हणते आई, भजन कुठंय, सगळे घोरतायत."

पुढच्या वर्षी अपलिंकचा (अपलोडच्या बाजूचा) लोड बघून बॅलन्सिंग लावायचं मी सरांकडून कबूल करून घेतलंय, सासवड आणि फलटणच्या सेलना तरी. आणि आत्याचा राऊटर मी टीव्हीमागून काढून ओसरीच्या खिडकीत ठेवलाय, तिथे आता मांजर झोपतं, गरम लागतं म्हणून.